‘हेम्प आहे हो, गांजा नाही’

प्रश्न: मी ६७ वर्षांची, नाशिकची. सहा महिन्यांसाठी लेकीकडे नॉर्थ कॅरोलिनात, केरीला आले आहे. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. क्लोपिडोग्रेल, टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. अगदीच झोप लागली नाही तर अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेते. इथे आल्यापासून रात्री अडीचला डोळे टक्क उघडे, त्यात गुडघे ठणकतात. पाडव्याच्या कार्यक्रमात ओळखीच्या एका बाईंनी गमीचं, म्हणजे चघळायच्या जेलीच्या गोळ्यांचं, पाकीट हातात ठेवलं. म्हणाल्या, ‘हेम्प आहे हो, गांजा नाही. दुकानात उघड मिळतं, मी रोज घेते.’ घरी येऊन नऊ वाजता अर्धी खाल्ली. तासाभरात काहीच वाटेना म्हणून उरलेली अर्धी आणि वर आणखी एक खाल्ली. साडेअकराला छाती धडधडायला लागली, तोंडाला कोरड पडली, वाक्य पुरं होईपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. आपण आता जाणार अशी खात्रीच पटली. लेक ९११ ला, इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन लावत होती, तेवढ्यात जावयांनी पाकीट पाहिलं आणि तिला थांबवलं. सकाळी अकराला जागी झाले. लेक अजून माझ्याशी धड बोलत नाही. जावई म्हणतात, कायदेशीर आहे, फक्त जास्त झालं. तो गांजाच होता का? एरवी न लागणारी झोप त्यानंतर दोन दिवस छान लागली, तर पाव गमी घेतली तर चालेल का? आणि पाकीट बरंच भरलेलं आहे, परत जाताना बहिणीला नेऊ का? तिलाही झोपेचा त्रास आहे. पाकिटाचा फोटो जोडला आहे.
– एक आजी, केरी

काकू, नमस्कार.

आधी तिन्ही उत्तरं देऊन टाकते, कारणं मागून. तुम्ही खाल्लंत त्यातलं नशा आणणारं द्रव्य गांजात असतं तेच होतं. तुमच्यासाठी पाव गमीसुद्धा नको. आणि बहिणीला नेण्याचा विचार आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढून टाका.

पाकिटाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. समोर आंब्याचं चित्र आणि ठळक अक्षरांत ‘३०० मिलिग्रॅम’. हा आकडा एका गमीचा की सगळ्या पाकिटाचा, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मागे, चष्मा लावूनही नीट दिसणार नाही इतक्या बारीक टायपात, खुलासा आहे: २० नग, प्रत्येकी ५ ग्रॅम, प्रत्येकात १५ मिलिग्रॅम डेल्टा-९ टीएचसी. टीएचसी म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, डेल्टा-९ हा त्याचा एक प्रकार. भांग, गांजा, चरस या तिघांतही डोक्यात जातं ते हेच. तुम्ही दोन गमी संपवल्यात, म्हणजे ३० मिलिग्रॅम. कधीच न घेतलेल्या धडधाकट माणसाला सुरुवातीला अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी घ्यायला सांगतात. तुमचं प्रमाण त्याच्या बारापट झालं. पंचविशीतला पोरगाही यात आडवा झाला असता, तेव्हा स्वतःला घाबरट म्हणवून घेऊ नका. आणखी एक, घटकांच्या यादीत जिलेटिन आहे. ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. तुम्ही शाकाहारी असाल तर हेही कोणी तुम्हाला सांगितलं नसणार.

मग हे पेट्रोल पंपावर लॉटरीच्या तिकिटांशेजारी कसं काय विकतात? नॉर्थ कॅरोलिनात तर गांजावर अजून बंदी आहे, चेरोकी या आदिवासी जमातीच्या हद्दीतलं त्यांचं स्वतःचं दुकान सोडलं तर. याचं मूळ २०१८ च्या डिसेंबरात झालेल्या शेतीविषयक केंद्रीय कायद्यात आहे. त्यानं एकाच झाडाचे दोन वर्ग पाडले. वाळलेल्या वजनात डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत असेल तर हेम्प, त्याच्या वर गेलं तर मारिजुआना, म्हणजे गांजा. केंटकीसारख्या राज्यांतल्या तंबाखूच्या शेतकऱ्यांना धागा, बिया, तेल यांसाठी दुसरं पीक मिळावं, असा एक हेतू त्यामागे होता. पण मर्यादा टक्क्यांत लिहिली, मिलिग्रॅममध्ये लिहिलीच नाही. वाळलेल्या पाल्यात ०.३ टक्के म्हणजे खरोखरच किरकोळ. गमी मात्र साखरेनं आणि जिलेटिननं जड झालेली. पाच ग्रॅम म्हणजे ५,००० मिलिग्रॅम, त्याचे ०.३ टक्के काढा. बरोबर १५ येतात. तुमची गमी एवढी जाडजूड का आहे ते आता लक्षात आलं असेल.

दुसरी पळवाट डेल्टा-८ ची, म्हणजे डेल्टा-९ च्या नशा आणणाऱ्या भावंडाची. तुमच्या पाकिटावर हे नाव नाही, पण त्याच फळीवर शेजारी असणार. हेम्पमधून सीबीडी नावाचं द्रव्य काढतात. ते नशा आणत नाही. मग ते द्रावकात विरघळवून, आम्ल घालून, तापवून त्याचं डेल्टा-८ टीएचसी करतात. कायद्यात फक्त डेल्टा-९ मोजायचं लिहिलं होतं, म्हणून हे निसटलं. या प्रक्रियेत मागे काय काय उरतं हे कारखान्याच्या स्वच्छतेवर अवलंबून. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, २०२१ सालीच लोकांना सावध केलं होतं, की ही उत्पादनं आम्ही तपासलेली नाहीत आणि कुठल्याच वापरासाठी मंजूरही केलेली नाहीत. आज दुकानात जे ‘हेम्प’ मिळतं त्याची परिस्थिती ही अशी आहे. मिनेसोटासारख्या राज्यानं २०२२ मध्ये एका मात्रेला ५ मिलिग्रॅम, पाकिटाला ५० आणि वय २१ अशी सरळ चौकट घातली. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये हेम्पच्या खाद्यपदार्थांत टीएचसी सापडताच कामा नये असं ठरवलं. बाकी ठिकाणी ज्याला जसं सुचेल तसं.

आता केंद्रालाही जाग आली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सही झालेल्या खर्चाच्या विधेयकात हेम्पची व्याख्या बदलली. अख्ख्या डब्यात किंवा पाकिटात मिळून ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको, आणि हे १२ नोव्हेंबर २०२६ पासून लागू, अशी तरतूद आहे. तुमच्या पाकिटात ३०० आहे. गंमत म्हणजे २०१८ चं दार उघडण्यात आणि २०२५ मध्ये ते लावून घेण्यात पुढाकार एकाच सिनेटरचा होता, केंटकीच्या मिच मॅकॉनेल यांचा. तेव्हा जावई म्हणतात ते तुमच्या पाडव्याला खरं होतं, एवढंच. त्यावरून तुमच्या शरीराला काय झेपेल याचा काहीच अंदाज येत नाही.

शरीराचं सांगते, कारण त्या रात्रीची खरी गोष्ट तिथे आहे. होळीला भांग घेणाऱ्यांची फजिती आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. एक पेला घेतला, काही नाही, ‘यात भांग घातलीच नाही’ म्हणत दुसरा घेतला, आणि मग रात्रभर हसणं नाहीतर रडणं. गमीचंही तसंच होतं. धूर ओढला तर टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचतं, माणसाला लगेच कळतं आणि तो थांबतो. खाल्लं तर ते आधी पोटातून यकृतात जातं. यकृत त्यातल्या बऱ्याच भागाचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, आणि हे द्रव्य मेंदूत सहज शिरतं, चढतंही जोरात. पहिली चाहूल लागायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. सगळ्यात जास्त असर दोन ते चार तासांनी होतो. उतरायला सहा-आठ तास, कधी बारा. शिवाय टीएचसी चरबीत विरघळतं, त्यामुळे तेलातुपाच्या जेवणावर खाल्लं तर अंगात जास्त शोषलं जातं. पाडव्याला श्रीखंड-पुरी झाली असेल, तर तीही या कटात सामील होती असं समजा. नवाला अर्धी, दहाला दीड: तुम्ही दुसऱ्यांदा घेतलंत तेव्हा पहिली अर्धी नुकती कुठे कामाला लागत होती.

हे भल्याभल्यांचं होतं. २०१४ मध्ये कोलोरॅडोत गांजाची दुकानं नुकती उघडली होती, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सची एक नामवंत स्तंभलेखिका डेन्वरला गेली. तिनं चॉकलेटचा तुकडा खाल्ला, काही होईना म्हणून आणखी खाल्लं, आणि पुढचे आठ तास हॉटेलच्या खोलीत, आपण मेलोच आहोत आणि कोणी सांगत नाहीये अशा भ्रमात काढले. स्वतःच लिहिलंय तिनं ते.

मी फार्मसिस्ट आहे, तेव्हा तुमच्या गोळ्यांकडे वळल्याशिवाय राहवत नाही. टीएचसीनं नाडी वाढते, हृदयाला जास्त काम पडतं, आणि उभं राहताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. टेल्मिसार्टनही रक्तदाब उतरवतंच. रात्री अंधारात बाथरूमला उठलात, चक्कर आली, पडलात आणि खुब्याचं हाड मोडलं, तर गुडघेदुखी परवडली असं म्हणायची वेळ येईल. अल्प्राझोलाम आणि टीएचसी दोन्ही मेंदूला सुस्त करतात, एकत्र आले की सुस्ती आणि तोल जाणं दोन्ही वाढतं. आणि क्लोपिडोग्रेल. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृतातल्या एका एन्झाइमनं तिला जागं केल्यावर ती रक्त गुठळण्यापासून वाचवते. तेच एन्झाइम सीबीडी अडवतं. कित्येक हेम्प गमींत टीएचसीबरोबर सीबीडीही घातलेलं असतं, तुमच्या पाकिटावरही ‘फुल स्पेक्ट्रम’, म्हणजे झाडातली इतर द्रव्यंही आहेत, असं लिहिलंच आहे. स्टेंट असलेल्या बाईचं क्लोपिडोग्रेल नीट काम करेनासं होणं ही झोपेपायी पत्करायची जोखीम नव्हे. म्हणून ‘पावसुद्धा नको’ म्हटलं. तुमच्या मैत्रीण रोज घेतात आणि त्यांना काही होत नाही, हे खरं असेल. पण त्यांच्या छातीत स्टेंट आहे का, त्या कुठल्या गोळ्या घेतात, हे ना तुम्ही विचारलंत ना त्यांनी सांगितलं.

लेकीबद्दल एक सांगते, तिला वाचून दाखवलंत तरी चालेल. त्या रात्री तिनं फोन उचलला ते बरोबर होतं. थांबवलं ते चुकलं. गमी खाल्ल्याची खात्री झाली म्हणून हृदयाचं काही नाही, अशी खात्री होत नाही. उलट गमीमुळेच हृदयावर ताण आलेला असू शकतो. स्टेंट असलेल्या माणसाची छाती धडधडतेय, दुखतेय, दम लागतोय, शुद्ध हरपतेय, तर ९११. आलेल्यांना काय खाल्लं, किती आणि किती वाजता, हे खरं खरं सांगायचं, पाकीट दाखवायचं. लाजून ‘जेवण जड झालं असेल’ म्हणालात तर डॉक्टर भलतंच शोधत बसतील. जावयांना बहुधा बिलाची धास्ती वाटली असेल, ती मी समजू शकते. पाहुण्यांसाठीच्या बहुतेक विमा पॉलिसींत नशेत झालेल्या आजाराचा खर्च वगळलेला असतो. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते आजच काढून वाचा. पण तो हिशेब नंतरचा.

छातीची तक्रार नाही, माणूस शुद्धीत आहे, फक्त घाबरलाय, अशा वेळी विषबाधा मदत केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, सगळ्या अमेरिकेत चालतो, दुभाषाही मिळतो. त्यांना विचारेपर्यंत माणसाला शांत खोलीत कुशीवर निजवायचं, घोट घोट पाणी द्यायचं, एकटं सोडायचं नाही, आणि ‘हे औषधामुळे होतंय, काही तासांत उतरेल’ हे पुन्हा पुन्हा सांगायचं, कारण त्याला पाच मिनिटांपूर्वी सांगितलेलं आठवत नसतं. उतरावं म्हणून झोपेची गोळी द्यायची नाही. बाकी दही, लिंबू, कॉफी या सगळ्या उताऱ्यांचा यावर काही उपयोग होत नाही.

आता जावई. ‘फक्त जास्त झालं’ म्हणतात त्यावरून त्यांना या गमींची थोडीफार माहिती असावी, कदाचित तेही घेत असतील. मोठ्या माणसाला मी नको म्हणत नाही, पण घ्यायचीच तर रीत सांभाळून घ्यावी. मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरवायची, नगांत नाही. अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात, आणि १५ च्या गमीचे सुरीनं सहा तुकडे करण्यापेक्षा मुळात कमी मात्रेची घ्यावी. घरगुती तुकडे कधीच सारखे होत नाहीत आणि गमीत द्रव्य सगळीकडे सारखं पसरलेलं असेल याची हमी नाही. एकदा घेतली की त्या दिवसाचं संपलं, चढो न चढो. सोबत दारू अजिबात नाही, तिनं रक्तातलं टीएचसी वाढतं. त्या रात्री गाडीची किल्ली दुसऱ्याकडे, आणि सकाळी डोकं जड असेल तर सकाळीही. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, ज्यांना स्वतःला कधी भास झालेत, ज्या बायका गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि रोज घेणाऱ्याची ती सवय कधी होते हे त्याचं त्यालाच कळत नाही. बंद केली की झोप उडते, चिडचिड होते, चमत्कारिक स्वप्नं पडतात. मग माणूस म्हणतो, ‘बघा, मला हिची किती गरज आहे.’

पाकिटावर चौकोनी कोड असतो. तो फोननं उघडला की प्रयोगशाळेचा अहवाल दिसायला हवा. मी तुमच्या फोटोतला उघडून पाहिला. कंपनीचं पहिलं पान उघडतं, सवलतीची जाहिरात दिसते, अहवालाचा पत्ता नाही. चांगल्या मालाचा अहवाल असतो, त्यावरचा बॅच नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळतो, प्रयोगशाळा कंपनीच्या मालकीची नसते, आणि टीएचसीच्या आकड्याबरोबर शिसं, आर्सेनिक, कीटकनाशकं, उरलेली द्रावकं यांचेही आकडे असतात. हे झाड जमिनीतले जड धातू भराभर शोषून घेतं, म्हणून ती तपासणी लागते. अहवाल नसेल तर आत १५ मिलिग्रॅम आहे की ४०, हे छापणाऱ्यालाच ठाऊक. माझ्या मते अहवाल नसलेलं पाकीट विकत घेऊच नये, मग ते कितीही स्वस्त असो.

पोरांचा विषय यात येतोच. तुमच्या घरात नातवंडं आहेत का ते लिहिलेलं नाही, पण येणारे-जाणारे असतातच. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी असे खाद्यपदार्थ चुकून खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. आंब्याचा वास, साखरेचा दाणेदार थर, मूल काय ओळखणार? त्यात काही कंपन्या तर नावाजलेल्या चॉकलेट-चिप्सच्या पाकिटांची हुबेहूब नक्कल करतात. २०२३ मध्ये सरकारनं अशा काहींना इशाऱ्याची पत्रं धाडली. मोठ्याला घाबरवून सोडणारी मात्रा लहान मुलाला बेशुद्ध करू शकते, श्वास मंद होऊ शकतो. तिथे वाट न बघता सरळ ९११. गमी घरात असेल तर ती कुलपात हवी, फ्रिजच्या दारात किंवा पर्सच्या कप्प्यात नको.

आणि व्हिसा. नागरिक नसलेल्या माणसाच्या बाबतीत केंद्रीय कायदा चालतो, राज्याचा नाही. केंद्रीय कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थ आहे, आणि ‘मी घेतला आहे’ अशी नुसती कबुलीही प्रवेशाच्या आड येऊ शकते. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत अंमली पदार्थांबद्दल विचारतात. राज्यात कायदेशीर असलेला गांजासुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या वर्तना’च्या आड येऊ शकतो, असं इमिग्रेशन खात्यानं २०१९ मध्ये लेखी धोरणच काढलं. हेम्पची व्याख्या वेगळी म्हणून आजवर थोडी मोकळीक होती, पण पाकिटावरचा आकडा खोटा निघाला तर ती गेली, आणि नोव्हेंबर २०२६ नंतर अशा गमी सरळ त्या बाजूला जातील. लघवीच्या तपासणीत तर टीएचसी हेम्पचं की गांजाचं हे कळतच नाही, नुसतं ‘पॉझिटिव्ह’ येतं, आणि रोज घेणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे येत राहतं. लेक-जावई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर ही चर्चा चहाच्या टेबलावर संपवू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाडव्याच्या रात्रीचा किस्सा रंगवून टाकायचा मोहही आवरा.

बहिणीचं पाकीट. भारतात अंमली पदार्थांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात गांजाच्या व्याख्येतून बी आणि पान वगळलंय, म्हणून काही राज्यांत भांग सरकारमान्य दुकानात मिळते. महाराष्ट्रात तिलाही दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. पण तुमची गमी पानाची नाही, काढलेल्या टीएचसीची आहे, आणि टीएचसी त्या कायद्याच्या यादीत नावानिशी आहे. अमेरिकेत हेम्प म्हणून विकलं, ही सबब मुंबईच्या कस्टम्ससमोर चालत नाही. शिक्षा मालाच्या वजनावर ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय की शुद्ध अंमली द्रव्य तेवढं मोजायचं नाही, मिश्रणाचं अख्खं वजन धरायचं. म्हणजे वजनात साखर-जिलेटिनही आलं. जाताना दुबई किंवा दोहाला विमान बदलणार असाल तर तिथले कायदे आणखी कडक आहेत. बहिणीला हेम्प म्हणून काही द्यायचंच असेल तर हेम्पच्या बिया आणि बियांचं तेल भारतात २०२१ पासून अन्न म्हणून विकायला परवानगी आहे. त्यात नशा नाही, झोपही नाही, चटणी मात्र चांगली होते.

राहता राहिली झोप. इथे पाहुण्या आलेल्या आई-वडिलांच्या झोपेचं गणित बहुतेक घरांत एकाच जागी बिघडलेलं असतं. सगळे कामाला गेले, घर सामसूम, बाहेर चालायला फुटपाथ नाही, म्हणून दुपारी मालिका लावून सोफ्यावर दोन तास डोळा लागतो, पाचला चहा होतो, आणि रात्री दोनला शरीर म्हणतं, झाली की झोप. सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास बाहेर उन्हात बसा किंवा चाला; घड्याळ जुळायला त्याइतकं स्वस्त औषध नाही. दुपारी वीस मिनिटांचा गजर. दुपारनंतर चहा बंद. हे जड जाईल, मला माहीत आहे. रात्री जाग आली आणि वीस मिनिटांत झोप परतली नाही तर अंथरुणात तळमळत न बसता उठून मंद दिव्यात काहीतरी वाचा, जांभई आली की परत आडवं व्हा. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी वर्तनोपचार करावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ पासून सांगितलं आहे, आणि वर दिलं ते त्याचंच घरगुती रूप समजा. अल्प्राझोलाम मात्र आपल्या आपण एकदम बंद करू नका, ते किती वेळा घेता हे नाशिकच्या डॉक्टरांना फोनवर सांगा आणि पुढचं त्यांना ठरवू द्या.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकचं मलम इथे चिठ्ठीशिवाय मिळतं. क्लोपिडोग्रेलबरोबर पोटातून घ्यायच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्या टाळा. मलमाचा भाग रक्तात फार कमी जातो, तरी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. पॅरासिटामॉल इथे अॅसिटामिनोफेन नावानं मिळतं, ते तुम्हाला चालतं का हेही त्याच फोनवर विचारून घ्या. झिजलेल्या गुडघ्याला टीएचसीनं फायदा होतो, असा भरवशाचा पुरावा नाही.

त्या बाईंवर रागावू नका. भल्यासाठीच दिलं त्यांनी. फक्त फोन करून एवढं सांगा, की मला सोसलं नाही, आणि कुणा म्हाताऱ्या माणसाला देताना त्याच्या गोळ्या आधी विचारा. पाकीट परत देऊ नका. उरलेल्या १८ गमी कात्रीनं कापा, वापरलेल्या चहाच्या चोथ्यात कालवा, झिपच्या पिशवीत बंद करून कचऱ्यात टाका. टॉयलेटमध्ये टाकू नका. आणि नाशिकला पोचल्यावर हृदयाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा पाडव्याची तारीख आणि ३० मिलिग्रॅम हा आकडा त्यांना सांगा. ते एक ईसीजी काढतील, तो काढून घ्या.